बिनवासाचं घर

एलियामामांचं घर आधी नाकाला कळायचं, मग डोळ्यांना दिसायचं. नेवाशाच्या अलीकडे आमच्या गावात एस.टी.तून उतरून कुणी पाटोळ्यांचं घर विचारलं, तर पोरं सांगायची, "सरळ जा, दवाखान्याचा वास आला की थांबा." मी त्यांची शेजारीण. आमची पिठाची गिरणी आणि मामांचं घर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत, बाकी अंतर नाही. त्यामुळे लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझ्या नाकात दोनच वास मुक्कामाला आहेत, एक ताज्या दळणाचा आणि एक मामांच्या फिनाईलचा.

मामांची सगळी नोकरी नगरच्या एका दवाखान्यात झाली. बाप सालगडी, रविवारी चर्चची घंटा वाजवायचा. एलिया सातवी शिकला आणि वॉर्डबॉय म्हणून चिकटला. पहिल्याच दिवशी एका सिस्टरबाईंनी हातात बादली देऊन सांगितलं, "तू फरशी पुसतोस असं समजू नकोस. पेशंट बरा करतोस असं समज." एखाद्याने हे ऐकून सोडून दिलं असतं. मामांनी ते आयुष्यभर धरून ठेवलं. वॉर्ड पुसून झाला की दारात उभं राहून ते नुसते कान देत. कुणाचा श्वास अडकलाय, कुणाच्या छातीत शिट्टी वाजतेय, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं असं लोक सांगतात. लोक वाढवून सांगतात, पण यातलं निम्मं तरी मी स्वतः पाहिलंय.

पाहिलंय म्हणजे असं, की माझी सासू, गोजरबाई, खुब्याचं हाड मोडून त्यांच्याच वॉर्डात पडली होती. माझं लेकरू तेव्हा अंगावर पीत होतं. मी एका हाताने त्याला धरणार की दुसऱ्या हाताने सासूला उचलणार? आमचे अजिनाथ गिरणी सोडून येऊ शकत नव्हते. त्या दिवसांत माझ्या सासूची आंघोळ, तिची चादर, तिचं भांडं, सगळं या माणसाने केलं. वेणी घालायची राहिली तर तीही घातली, वाकडी घातली, पण घातली. म्हातारी तोंडाची तिखट. "येल्या, पानी गार हाय!" म्हणून वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडायची. मामा म्हणायचे, "व्हय आत्या, आत्ता ऊन करून आनतो." कधी तोंड वाकडं नाही, कधी उपकाराची भाषा नाही. सासू चालत घरी आली आणि पुढे कितीतरी वर्षं मला शिव्या द्यायला जगली. ती गेली तरी अजून फिनाईलचा वास आला की मला हायसं वाटतं. आता कुणीतरी आहे सांभाळायला, असं वाटतं.

म्हणून मामांच्या घराच्या वासाला गावात सगळे हसत, मी कधी हसले नाही.

मामा रिटायर होऊन गावी आले, आणि वर्ष-दीड वर्षात दयामामी गेल्या. मुलगा जस्टिन पुण्याला कंपनीत, सून शॅरन शाळेत शिक्षिका, त्यांची एकुलती एक जॉय, आता सात वर्षांची. मामांचा जीव या पोरीत. तिचा फोन आला की ते उभे राहून बोलतात, का ते कुणाला माहीत नाही. आणि नेमका या पोरीला दमा.

गेल्या वर्षीच्या नाताळाला ती मंडळी येणार म्हणून मामांनी घराची जी काही स्वच्छता केली, ती मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्याकडे नाताळाला ख्रिस्ती घराला रंग लागतोच, तसा त्यांनी सगळ्या भिंतींना तेलरंग दिला. न्हाणीघरात ॲसिड ओतलं. गोधड्यांच्या घडीघडीत डांबरगोळ्या. फरशीला फिनाईल, तेही दोनदा, दुसऱ्यांदा जरा दाट. आणि एवढं करून घराला छान वास यावा म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्या. मी भिंतीवरून म्हणाले, "मामा, डोळ्यांत पाणी यायला लागलंय." तर म्हणाले, "म्हंजी सफाई झाली."

दुपारी पोरगी गाडीतून उतरली, "आजोबा!" म्हणून आत पळाली. दिवेलागणीला तिला बोलता येईना. ओठ निळे पडले. जस्टिनने गाडी काढली, मामा मागे पोरीला मांडीवर घेऊन बसले, आणि त्यांचा नाताळ दवाखान्यात गेला. त्याच दवाखान्यात, जिथे त्यांनी जन्म काढला होता. पोर बरी झाली, देवाची कृपा. पण तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात काय काय वापरलं?" आणि मामा एक एक सांगत गेले. सांगता सांगता मध्येच थांबले, असं जस्टिन म्हणाला. मग डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: वास नको, धूळ नको, धूर नको.

शॅरन काही वाईट नाही. ती ओरडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही पुण्याला या. कितीही दिवस राहा. पण जॉयला मी आता त्या घरात आणणार नाही." आईच ती. तिच्या जागी मी असते तर याच्या चौपट बोलले असते.

मामा पुण्याला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा आठवड्यात परत आले. चौथ्या मजल्यावर मला खालचं काही ऐकू येत नाही, म्हणाले. दिवाळीच्या सुमाराला मग जॉयनेच घरात हट्ट धरला. तिला आजोबांच्या घरावर नाताळची चांदणी लावायची होती, आमची शेळी बघायची होती, गिरणी बघायची होती. शेवटी शॅरनने फोन केला. मामा फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे भिंतीअलीकडे मलाही ऐकू आलं. "बाबा, एकदा बघू. पण या वेळी काही झालं, तर पुन्हा कधीच नाही. मला वाईट ठरवू नका."

"न्हाई गं पोरी," मामा म्हणाले. फोन ठेवून ते ओट्यावर बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सविता, मला सफाई येत न्हाई."

सगळा जन्म सफाईत गेलेला माणूस हे बोलला. मी म्हणाले, "मग शिका."

आणि शिकले की हो! सगळ्यात आधी फिनाईलचा कॅन, ॲसिडच्या बाटल्या, डांबरगोळ्या, सगळं हातगाडीवर घालून ग्रामपंचायतीच्या संडासाला देऊन आले. जाताना कॅनवरून असा हात फिरवला, की बैल विकायला निघालाय. मग राजूरला फोन लावला. तिथे त्यांचा दवाखान्यातला जुना जोडीदार छगन राहतो. त्याने तिकडच्या बाजारातून रिठ्यांचं एक पोतडं भरून एस.टी.ने पाठवलं. रिठे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, कुस्करायचे, की पाण्याला असा फेस येतो की बघत राहावं. त्या पाण्यात मामांनी गोधड्या धुतल्या, मच्छरदाण्या धुतल्या, पडदे धुतले, उशांचे अभ्रे धुतले. दोनदा साध्या पाण्यातून काढले आणि गच्चीवर उन्हात टाकले. ऊन फुकटचं आहे आणि त्याला वास नाही, हा त्यांचा नवा शोध. दिवसभर ते गोधड्या उलट्यापालट्या करत. खालून वाटे म्हातारा भाकरी भाजतोय.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड. नळांवर, टाइल्सवर पांढरे थर चढतात, पूर्वी ते ॲसिडनेच निघत. आता मामांनी अर्धं लिंबू मीठ लावून नळांवर घासलं आणि नळ असे चमकले की मला बोलावून दाखवले. त्या उत्साहात तेच लिंबू ओट्याच्या शहाबादी फरशीवर फिरवलं. फरशी कसली चमकते, तिच्यावर पांढुरके डाग पडले, ते अजून आहेत. मी म्हणाले, "मामा, लिंबू झालं म्हणून कुठंही पिळायचं का?" त्यावर ते खजील होऊन हसले. मोरीला आणि संडासाला खायचा सोडा कालवून लावला, वर कढत पाणी. पितळेच्या समयांना, म्हणजे चर्चच्या दोन मेणबत्तीदाण्या त्यांच्याकडे घासायला असतात, त्यांना चिंच. केरसुणी बंदच केली. झाडलं की धूळ उडते, म्हणून पिळलेल्या ओल्या फडक्याने घर पुसायचं, खालून वर नाही, वरून खाली. खिडकीचे गज, पंख्याची पाती, देवाच्या तसबिरीची मागची बाजू, पुस्तकांच्या वरच्या कडा. एवढं तर मी माझ्या लग्नातही घर पुसलं नव्हतं.

या वर्षी रंग मात्र दिला नाही. नाताळ तोंडावर आला आणि सगळ्या ख्रिस्ती घरांचे पोपटी, निळे, गुलाबी रंग वाळत होते, तेव्हा मामांची भिंत जुन्याच रंगाची. जाणारे-येणारे विचारायचे, "काय एलिया, या साली हात आखडला?" मामा सांगायचे, "रंगवली न्हाई, धुतलीय." लोकांना ते समजत नसे. मामांना वाईट वाटत असणार, कारण रंगवलेल्या घराचा त्यांना फार अभिमान होता. पण एका शब्दाने बोलले नाहीत.

त्यांची एकच पंचाईत होती. जन्मभर फिनाईल हुंगून त्यांचं नाक मेलं होतं. त्यांना कसलाच वास यायचा नाही. म्हणून रोज सकाळी भिंतीवरून हाक यायची, "सविता, जरा वास घेऊन जा गं." मी मोटर बंद करायची, पिठाचे हात झटकायचे आणि जायची. कपाट उघडून वास घे, गोधडीत तोंड घालून वास घे, मोरीत वाकून वास घे. अजिनाथ म्हणायचे, "पोलिसात भरती हो आता." पण मी मन लावून करायची. त्या माणसासाठी मला आयुष्यात काही करता आलं नव्हतं. करू दिलं तर करणार ना? दिवाळीचा फराळ नेऊन दिला तर डबा रिकामा परत आला नाही कधी. आता एवढं माझं नाक तरी त्यांच्या उपयोगी पडत होतं, आणि मला त्याचा आनंद होता.

एके सकाळी पेटी उघडून मी म्हणाले, "मामा, हिच्यात अजून डांबरगोळीचा वास आहे." ती दयामामींची पेटी. मामांनी ती उन्हात काढली. आतून मामींची एक जुनी कापडी पिशवी निघाली, तळाशी सुकून दगड झालेले चार-पाच रिठे. मामा ते हातात घेऊन उभे राहिले.

"ही याच्यानंच धुवायची सगळं," म्हणाले. "मी शनिवारी दवाखान्यातनं यायचो, म्हनायचो, हे काय अडानी लोकांचं. आन् तिनं पुसलेल्या घरावर पुन्ना फिनाईल मारायचो. मी पुसाय लागलो की ती बाहेर लिंबाखाली जाऊन बसायची. मला वाटायचं, वाऱ्याला बसलीय." त्यांनी एक रिठा बोटांत फिरवला. "खोकायची गं ती, सविता. आत्ता ध्यानात येतंय. वाऱ्याला न्हवती बसत."

त्यांनीच ते रिठे त्या दिवशीच्या पाण्यात टाकले आणि म्हणाले, "चल, तिचा बी हात लागू दे." त्यानंतर ते प्रत्येक कामाआधी वर बघून "दया, कसं करू?" म्हणायचे. थट्टेत म्हणायचे, पण म्हणायचे.

सगळं असं मार्गी लागलं होतं आणि मंडळी यायच्या दोन दिवस आधी मामांनी घोळ घातला. आमच्याभोवती ऊस, कालवा, त्यामुळे थंडीतही मच्छर. मच्छरची अगरबत्ती लावायची नाही हे त्यांना पाठ होतं. मग कुणीतरी सांगितलं, कडुनिंबाचा पाला जाळा, नैसर्गिक आहे, काही होत नाही. मामांना ते पटलं. घमेल्यात निखारे, वर ओला-सुका पाला, आणि दारं-खिडक्या लावून घर कोंडून ठेवलं. संध्याकाळी मला वास घ्यायला बोलावलं. मी उंबऱ्यातच खोकायला लागले.

"मामा! धूर नको म्हणाले होते ना डॉक्टर?"

"अगं, पन हा लिंबाचा हाय."

"लिंबाचा काय आणि बाभळीचा काय, लेकराच्या छातीला ते कळतं का?"

मी जरा जास्तच मोठ्याने बोलले. माझा आवाज गिरणीमुळे असाच झालाय, मोटरवरून ओरडून ओरडून. मामा मटकन खालीच बसले. महिनाभराच्या मेहनतीने धुतलेले पडदे, गोधड्या, सगळ्याला धुराचा वास. त्यांना तो येत नव्हता, पण माझ्या तोंडावर दिसत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पुन्हा रिठे उकळले. मीही गेले मदतीला. दिवसभर आम्ही दोघांनी परत सगळं धुतलं, भिंतीसुद्धा. घराची दारं-खिडक्या सताड उघडी. नशिबाने ऊन कडक आणि वारा भरपूर. येण्याच्या दिवशी सकाळी मी खोलीखोलीतून फिरले, गोधडीत नाक खुपसलं आणि सांगितलं, "काहीच वास नाही."

"नक्की?"

"पाण्याला येतो का वास? तसं."

त्यांनी हात जोडून डोळे मिटले. मच्छरांसाठी धुतलेली मच्छरदाणी होतीच, ती बांधली.

दुपारी गाडी आली. मी हातातलं दळण तसंच सोडून पळाले. दिवाळीपासून मी या घराचा कानाकोपरा हुंगला होता, ज्या पोरीसाठी हुंगला तिला बघायची मला घाई. जॉय ओट्यावर उभी होती, दोन शेंड्या, हातात कागदाची चांदणी. मी पायरी चढणार, तोच मामा आडवे आले.

"सविता, तितंच थांब."

मी थांबले. वाटलं काहीतरी सांडलं असेल. तर म्हणाले, "आत नगं येऊ. मग येतो मी तिकडं."

सगळ्यांसमोर! शॅरन बघतेय, जस्टिन बघतोय. माझ्या अंगाची लाही लाही झाली. काल माझ्याकडून भिंती धुवून घेतल्या आणि आज पाहुणे आले तर मी उंबऱ्याबाहेरची? मी "बरं" म्हणाले आणि वळून आले. घरी येऊन अजिनाथांवर राग काढला, पोरावर काढला, शेळीवरसुद्धा काढला. गिरणी चालू केली आणि चक्क्या उडतील अशी चालवली. नाताळामुळे चकलीच्या भाजणीची, बेसनाची रांग लागली होती.

उन्हं कलताना चक्कीचा पट्टा बदलायला मी मागच्या अंगाला गेले. तिथे आमची गिरणीची खिडकी आणि मधली भिंत. भिंतीपलीकडे मामांनी दोरी बांधून तीन चादरी लांबच्या लांब वाळत घातल्या होत्या. मी मनात म्हणाले, अजून धुणं संपलं नाही का? तेवढ्यात मामा तांब्या घेऊन आले आणि त्या चादरींवर पाणी शिंपडू लागले. वाळत घातलेल्या कपड्यावर कुणी पाणी मारतं का? त्यांनी मला पाहिलं नाही. ते गेल्यावर मी भिंतीवरून हात लांब करून चादरीला लावला. हाताला चिकट लागलं. बोटं पाहिली तर पांढरी. पीठ!

माझ्या गिरणीचं पीठ. खिडकीतून सारखं उडणारं, भिंतीलगतच्या पेरूच्या पानांवर, भिंतीवर, मामांच्या ओट्यावर बसणारं. आणि मी पायरी चढत होते ती डोक्यापासून पायापर्यंत पिठाने माखलेली. वास नको, धूळ नको, धूर नको. वास मी हुंगून काढला होता, धुरावरून म्हाताऱ्याला झापलं होतं, आणि धूळ माझ्याच अंगावर होती.

हे त्यांना किती दिवस माहीत असेल? दिवाळीपासूनच असणार. त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही, की सविता, चार दिवस गिरणी बंद ठेव. ती आमची रोजीरोटी, म्हणून नाही सांगितलं. मला त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून नाही सांगितलं. स्वतः तासातासाला उठून चादरी ओल्या करत राहिले. पोर आत झोपणार आणि हा माणूस माझ्या पिठापासून तिला एका तांब्याने वाचवणार! माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी तिथेच पट्टा हातात घेऊन रडले. खरंच रडले.

मग मी मोटर बंद केली. बाहेरच्या रांगेला सांगितलं, "मोटर जळाली. नाताळ होईपर्यंत गिरणी बंद."

रांगेत गलका झाला. एक बाई म्हणाली, "अगं, आत्ता तर चालू होती!" मी म्हणाले, "जळायची ती आत्ताच जळणार, उद्या कशी जळेल?" अजिनाथ बाहेर आले, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता लोकांची दळणं मोटारसायकलवर घालून पलीकडच्या गावच्या गिरणीत पोचवू लागले. भांडखोर बाईचा नवरा होण्याचा एवढा फायदा, माणूस शहाणा होतो.

दुसरा सबंध दिवस मी गिरणी पुसली. झाडू लावला नाही, ओल्या फडक्याने, वरून खाली, जसं मामांनी शिकवलं तसं. जाळ्या, खिडकी, चक्कीची पाठ. पेरूचं झाड पाइपने धुतलं. भिंत रिठ्याच्या पाण्याने धुतली. मग स्वतः डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले, तरी त्या घरात गेले नाही. भिंतीवरूनच जॉयला शेळी दाखवली. तिने हसून हात केला. दिवसभर माझे कान तिकडेच होते. पोरगी खेळत होती, चांदणी लावत होती, जस्टिनच्या खांद्यावर चढून ओरडत होती. पण गेल्या वर्षीही दिवेलागणीपर्यंत ती अशीच खेळली होती. आणि गेल्या वर्षी त्या घरात तिला रात्र काढताच आली नव्हती.

नाताळाच्या सकाळी चर्चची पहिली घंटा झाली तशी मी अंगणात आले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. पाहते तर मामा नव्या सदऱ्यात, स्वेटर घालून, ओट्यावर खिडकीखाली बसलेले. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. मी भिंतीशी गेले.

"मामा, काय झालं? काय ऐकताय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच उठून भिंतीपाशी आले. डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"काईच ऐकू येत न्हाई, सविता," म्हणाले. "दोन रात्री झाल्या. शिट्टी न्हाई. घरघर न्हाई. दम्याचा पंप बी काढला न्हाई शॅरननं. लेकरू नुसतं झोपलंय."

मीही कान दिला. आतून काहीच आवाज नव्हता. कुठल्याही घरात लेकरं झोपतात तशी ती झोपली होती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझी सासू दवाखान्यात पहिल्यांदा वॉकर सोडून दोन पावलं चालली होती, तेव्हा वाटलं होतं तसं.

मामांनी हात जोडले. मी भिंतीवरून त्यांचे दोन्ही हात धरून खाली केले. म्हणाले, "ह्या हातांनी माझ्या सासूला न्हाऊ घातलंय. हे माझ्यापुढं जोडायचे नाहीत."

ते नाक ओढत, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत तसेच उभे राहिले. दोरीवरच्या चादरी कोरड्या होत्या. काल त्यांनी पाणी मारलं नव्हतं. मग जरा वेळाने, गिरणीच्या बंद खिडकीकडे बघत, एकदम साळसूदपणे म्हणाले, "मोटर जळाली म्हनं तुझी?"

"हो ना."

"जळाल्याचा वास न्हाई आला."

"तुम्हाला कधीपासून वास यायला लागला?"

ते हसले. खूप दिवसांनी दात दिसले म्हाताऱ्याचे. आत जॉय उठली असावी, कारण शॅरनचा आवाज आला, आणि मग पोरीचा, मोठ्याने, खणखणीत, "आजोबा कुठंयत?"

"आलो गं!" मामा वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. "सविता, कवा दुरुस्त व्हनार ती मोटर?"

"जॉय पुण्याला गेली की."

मामा पुन्हा भिंतीपाशी आले. मग म्हणाले, "रात्री शॅरन म्हनली, बाबा, नवं वरीस हितंच करू."

"मग काय," मी म्हणाले, "मिस्त्री नव्या वर्षातच येणार म्हणालाय."